लाँचची डावी बाजू

"नुसतीच हवा मारतोय," मी म्हणाले.

लेक दारात उभी होती. हातात चहाचे दोन कप आणि चेहऱ्यावर, आई आता हाताबाहेर गेली, असा भाव. "आई, तुला तो धरता तरी येतो का?"

"धरलाय की."

"पेनासारखा धरलायस."

"पेनासारखाच धरायचा असतो," असं म्हणून मी खटका पुन्हा दाबला आणि मागे ओढला. फुस्स. समोर धरलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर रंगाचा ठिपकासुद्धा उमटला नाही.

एअरब्रश म्हणजे रंग फवारायचं पेनाएवढं यंत्र. वर इवलासा कप, त्यात रंग ओतायचा. मागून कॉम्प्रेसरची नळी. खटका दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. पोटात एक लांब सुई असते, ती मागे सरकली की टोकाच्या भोकातून रंग निघतो आणि हवा त्याचं धुकं करते. सांगायला एवढंच आहे. आमच्या ह्यांचं निम्मं आयुष्य मात्र त्याचे रुसवे काढण्यात गेलं.

हे गेले त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लाँचची उजवी बाजू रंगवत होते. रंगवून झाल्यावर हात धुतले, "डावी उद्या" म्हणाले, जेवले, झोपले. उद्या काही त्यांच्या वाट्याला आला नाही. तेव्हापासून ती हातभर लांबीची लाँच तशीच टेबलावर होती. उजवीकडून बघितली तर आत्ता भोंगा वाजवून सुटेल अशी, आणि डावीकडून अस्तराच्या राखाडी रंगात, उघडी.

"एवढा जीव कशाला काढतेस?" लेकीने कप खाली ठेवले. "धक्क्यावरच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीतच ठेवणार ना? भिंतीला लावून? मग डावी बाजू भिंतीकडे करायची. कोणाला दिसणारे?"

"मला."

"तू काय रोज तिथे जाऊन बसणारेस?"

"अर्धवट काम ह्यांनी घराबाहेर पडू दिलं नसतं," मी म्हटलं. "शाळेत तुझी अर्धी रंगवलेली चित्रं रात्री कोण पुरी करायचं?"

तिला हसू आलं, पण तिने ते चहात बुडवलं.

संध्याकाळी सारंग भाऊजी लाँच न्यायला येणार होते. ती खरी लाँच ज्यांनी वर्षानुवर्षं चालवली ते. त्यांनीही फोनवर हेच सांगितलं होतं, "वहिनी, आहे तशी द्या, आम्हाला चालेल." सगळ्यांना सगळं चालत होतं. मलाच चालत नव्हतं.

आणि चालवून घ्यायचं नाही तर उपाय एकच होता. ह्यांनी स्वतः कालवलेल्या रंगाची एक बाटली मागे राहिली होती, तळाशी बोटभर रंग उरलेली. तो रंग पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. लेकीने झाकणाला लागलेला वाळका तुकडा दुकानात नेऊन यंत्रावर जुळवून आणला होता. तो लाँचशेजारी धरला तर दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसला. किती थेंब कशाचे घातले हे ह्यांनी कुठे टिपून ठेवलं नव्हतं. थेंब मोजून रंग कालवणाऱ्यांतले ते नव्हतेच. म्हणजे जे काय करायचं ते त्या बोटभर रंगात, आणि हाताला सवय नसलेली मी.

सवय नव्हती असं तरी कसं म्हणू? आमच्या घरात पुढची खोली एकच. खिडकीच्या एका बाजूला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला ह्यांचं टेबल. मी पडद्यांच्या दुकानासाठी पडदे शिवायची आणि हे धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतून घरी आले की बोटी करायचे. मला त्यांनी कधी काही शिकवलं नाही. ते त्या एअरब्रशशी बोलायचे. "काय झालं राजा? का अडलास? थांब, दाढी आली वाटतं." इतक्या लाडाने माझ्याशी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. पण माझी पाठ त्यांच्याकडे आणि कान उघडे, त्यामुळे त्या राजाची सगळी दुखणी मला ऐकून पाठ झाली होती. कॉम्प्रेसरच्या घुरघुरीवर सूर कसा लागला की ह्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मी मागे न बघता सांगू शकत असे.

लाँचच्या त्या रंगाशीही माझी जुनी ओळख. मी तेव्हा पलीकडच्या काठावर दुकानात कामाला जायची. एकदा सकाळी लाँचच्या कठड्याला टेकले आणि अख्खी बाही रंगाने भरली. उतरल्यावर तरातरा तिकीट खिडकीपाशी गेले. आतल्या माणसाने बाहीकडे बघितलं आणि म्हणाला, "ओला रंग म्हणून पाटी लावलीये." "कुठे लावलीये?" त्याने मान बाहेर काढून पाहिलं. पाटी लाँचच्या फळीवर पालथी पडली होती. "लावली होती," तो म्हणाला. त्याच्याशी मी पुढे लग्न केलं.

म्हणून ही लाँच करताना रंगाची वेळ आली तेव्हा ह्यांनी मला मशीनवरून उठवलं. निळा म्हणावा तर हिरव्याकडे झुकणारा, असा तो रंग. फोटो होते, पण त्यांत सगळंच पिवळं पडलेलं. हे कालवायचे, चमच्यावर फवारायचे आणि माझ्यापुढे धरायचे.

"अजून मळका," मी म्हणायची.

"मळका काय? दर वर्षी नवा रंग द्यायचे तिला."

"तुम्ही खिडकीतून बघायचात. मी तिच्यात बसायची."

ह्यावर ते तपकिरीचा एक थेंब टाकायचे. असे किती चमचे झाले कोण जाणे. एका दुपारी त्यांनी चमचा पुढे केला. "बास," एवढंच मी म्हणाले. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि दोघं उगाच खिडकीबाहेर बघत बसलो. बाटलीत होता तो हा रंग.

तो वाया जाऊ नये म्हणून आधी मी साध्या पांढऱ्या रंगावर हात बसवायला घेतला होता. आणि तोच बाहेर येत नव्हता.

"दाढी आली असणार," मी म्हटलं.

"कोणाला?" लेकीने विचारलं.

"सुईला."

ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ होतो खरा, पण वाळायची त्याला भारी घाई. काम चालू असतानाच सुईच्या टोकावर त्याची साय धरते आणि भोक बुजतं. मी ओला ब्रश टोकावरून फिरवला. ब्रशवर रंगाचं एक पांढरं कुसळ आलं. खटका ओढला तर चमच्यावर स्वच्छ रेघ. लेकीने कप तोंडापाशीच धरून ठेवला.

मग एअरब्रशच्या कपात बुडबुडे यायला लागले. ह्याला हे "राजा ढेकर देतोय" म्हणायचे. पुढची टोपी सैल झाली की हवा पुढे जायच्या ऐवजी मागे कपात शिरते. मी ती बोटांनी आवळली, फक्त बोटांनी. ह्यांनी एकदा पाना लावला होता आणि आतली दाण्याएवढी नळी तिथल्या तिथे मोडली होती. नवी येईपर्यंत माणूस घरात एक शब्द बोलला नाही. मी त्या शांततेत एका सभागृहाचे सगळे पडदे शिवून काढले.

पांढरा वागायला लागला तसा मला धीर आला. मी एअरब्रश धुतला, बाटली हलवली, आणि ह्यांच्या रंगातला निम्मा कपात ओतला. पाण्याचा थेंब घातला, रंग उशिरा वाळावा म्हणून असतं ते औषध घातलं. लाँच डावी बाजू वर करून आडवी ठेवली. श्वास घेतला आणि सुरुवात केली.

रंग लागला, पण चकाकी नाही. खरखरीत, पीठ भुरभुरल्यासारखा. मी आणखी एक हात फिरवला, तेच. बोट लावून बघितलं तर कोरडी पूड. मला काही कळेना. रंग पातळ होता, हवा बेताची होती. मग मानेवर गार वारा लागला आणि मी वर बघितलं. पंखा फिरत होता.

"हा कोणी लावला?"

"मी," लेक म्हणाली. "घामाने निथळतेयस तू."

"अगं, हवेतल्या हवेत वाळला सगळा! तुला कोणी सांगितलं होतं मध्ये हात घालायला?"

माझा आवाज नको तितका चढला. तिने पंखा बंद केला आणि बटणावरचा हात तसाच ठेवून म्हणाली, "मला काय माहीत? त्या टेबलाजवळ तुम्ही मला कधी येऊ दिलंत? लहानपणी नुसतं तिथून पळ, वास घेऊ नकोस, हात लावू नकोस. तुम्ही दोघं इथे आणि मी आतल्या खोलीत."

हे मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. आमची पाठीला पाठ लावलेली ती दोन टेबलं मला भरल्या घरासारखी वाटायची. तिला ती बंद दारासारखी वाटली असतील असं मनातही आलं नव्हतं. मी ओलं फडकं घेतलं, रंग पक्का बसायच्या आत ती पूड पुसायला लागले.

"इकडे ये," मी म्हटलं. "लाँच धर. काठाला धर, खालून."

ती आली. आम्ही दोघींनी मिळून डावी बाजू पुन्हा राखाडी केली. फडकं त्या रंगाने भरलं होतं. ते बघवेना म्हणून मी ते उलटं टाकलं.

"ह्यांनी सुद्धा कधी पंखा लावू दिला नाही," थोड्या वेळाने मी तिला सांगितलं. "उन्हाळ्यात मी पडदे शिवत घामाने चिंब, आणि हे म्हणायचे, जरा दम धर, एकच बाजू राहिलीये. त्यावरून आम्ही किती भांडलोय."

"ते ऐकू यायचं आत," ती म्हणाली.

बाटलीत आता निम्माच रंग उरला होता. दारावर थाप पडली. सारंग भाऊजी, संध्याकाळचे दुपारीच.

"लाँच कधी वेळेवर सोडली नाही मी," ते दारातूनच म्हणाले, "म्हटलं आता तरी वेळेआधी पोचावं." मग त्यांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि टोपी काढली. "वहिनी, तुमचं चालू दे. मी बसतो इथे." ते उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसले आणि एवढा मोठा माणूस दिसेनासा व्हावा तसे गप्प झाले.

कपात थोडाच रंग घेऊन मी चमच्यावर मारून बघितला, आणि तो थुंकायला लागला. धुकं, धुकं, मध्येच मोठा शिंतोडा. हे लाँचवर झालं असतं तर संपलंच होतं. मी थांबले. शिंतोडे दोन कारणांनी येतात. सुईचं टोक वाकलेलं असेल, नाहीतर रंगात कण असतील. सुई म्हटल्यावर ते माझंच खातं. मी सुई काढली आणि टोक नखावरून हलकेच ओढलं. वाकलेली सुई नखाला अडते, शिलाईची असो की ह्यांची. ही अडली नाही.

"म्हणजे कण," मी म्हटलं. "मला माहितीये कुठून आले ते."

हे काम संपलं की कपात उरलेला रंग पुन्हा बाटलीत ओतायचे. मी शंभरदा सांगितलं होतं की कडेला वाळलेले पापुद्रे त्यात जातात, टाकून द्या तेवढा थेंब. पण रंग टाकायचा म्हटलं की ह्यांच्या जिवावर यायचं. आणि कपही असा तसाच धुवायचे, त्यामुळे आधीच्या रंगांची खरकटी त्यातच.

मी पडद्याच्या जाळीचा एक तुकडा कापला, दुहेरी केला. लेकीने तो वाटीवर ताणून धरला आणि मी बाटली हळूहळू उपडी केली. कपातलं होतं तेही त्यात ओतलं. रंग थेंबाथेंबाने खाली उतरला. जाळीवर कण उरले. ह्याच रंगाचे पापुद्रे, त्यांत लाँचच्या पट्ट्याचा लाल, केबिनचा पिवळट पांढरा, आणि कुठल्या तरी जुन्या बोटीचा काळा.

"काय चिकट माणूस," मी म्हणाले. लेक जाळी धरूनच उभी राहिली. दारातून भाऊजींनी घसा खाकरला.

वाटीत जे उतरलं ते मी कपात घेतलं. आता बाटलीत काही नव्हतं.

आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हे ह्यांनी मला कधी सांगितलं नाही, त्या आवाजाच्या चढउतारातून मला ते ठाऊक होतं. लाँचच्या नाकाच्या अलीकडे हवेतच फवारा सुरू केला आणि हात सरळ मागे नेला, नाकाकडून सुकाणूकडे. ह्या वेळी रंग ओला लागला. राखाडीवर आधी नुसती छटा, मग दुसऱ्या हाताला थोडी दाट, मग तिसऱ्याला अंग भरलं. कानाला तो आवाज ऐकू यायला लागला, ज्या आवाजाला हे काहीच बोलायचे नाहीत, राजा म्हणून हाकही मारायचे नाहीत. माझ्या पाठीमागे इतकी वर्षं सगळं ठीक असायचं तेव्हा असाच आवाज असायचा. मला वाटलं, आता उलटं झालंय, मी इथे बसलेय आणि माझ्या मशीनवर कोणी नाही.

मागच्या टोकाशी पोचता पोचता कप रिकामा दिसायला लागला. मी हात थोडा जवळ घेतला, फवारा बारीक केला आणि शेवटची वीतभर जागा झाकली. झाकली गेली. एका थेंबाने रंग कमी पडला असता तर काय केलं असतं, माहीत नाही.

"या भाऊजी," मी म्हटलं. "हात लावू नका मात्र. ओली आहे."

ते आले, वाकले. आधी डावीकडून बघितलं, मग टेबलाला वळसा घालून उजवीकडून. लेकीकडे बघून म्हणाले, "शेवटी शेवटी तिला पांढरी करून टाकली होती, माहितीये? मोडायला नेली तेव्हा पांढरीच होती. मला बोलावलं होतं, पण मी गेलो नाही." "हीच ती," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला रुमाल काढून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

मी कॉम्प्रेसरकडे वळले. कपाच्या कडांना आणि तळाला थोडा रंग चिकटून राहिला होता. ओतायला गेलं तर थेंबही पडणार नाही इतकाच, पण ओला. ओला असताना तो थोडा उजळ दिसतो. बाहीवर दिसला होता तसा.

"धुतेयस?" लेकीने विचारलं.

"लगेच धुवावा लागतो."

"नको ना. राहू दे तसाच. आई, बाबांच्या हातचा तेवढाच उरलाय."

"वाळला तर आत सुई धरून बसेल. मग काढताना मोडणार."

"मोडू दे," ती म्हणाली. "आता कोण वापरणार आहे तो?"

तिने ते प्रेमानेच विचारलं होतं. मी तिच्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं. रंग कडेने आताच मंद व्हायला लागला होता. फार वेळ नव्हता.

"मी," मी म्हटलं. म्हणेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं.

मी कपात पाणी ओतलं, मोरीपाशी उभी राहिले आणि खटका ओढला. पहिलं पाणी त्याच रंगाचं आलं, पांढऱ्या फरशीवर पसरलं आणि वाहून गेलं. पुन्हा भरलं, तेव्हा फिकं आलं. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही, हात तेवढा स्थिर ठेवला. लेकीने तांब्या भरून पुढे धरला. पाणी नुसतं पाणी होऊन येईपर्यंत मी खटका सोडला नाही.